दुसरी फेरी

"काका, तुमच्याकडे रुळांचं तापमान आहे का?"

शेजाऱ्याकडे शिडी आहे का विचारावं, तितक्या सहज त्या मुलीने हे विचारलं. जानेवारीची सकाळ होती, अकरा वाजत आले होते, रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या दुकानांची शटरं एकामागून एक वर जात होती, आणि नरहरी भोयर दुसऱ्या मजल्याच्या दारात हातात अर्धी सोललेली मटारची शेंग घेऊन उभा होता. शेंग हातातच राहिली. छातीत काहीतरी दचकून उठून बसलं. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती आणि या पाच वर्षांत लोक त्याला पुष्कळ काही विचारत आले होते; हयातीचा दाखला दिला का, गुडघा काय म्हणतो, पुण्याची मुलगी कधी येणार. पण जे फक्त त्याच्याच जवळ आहे, जगात दुसऱ्या कोणाजवळ नाही, ते कोणी मागितलं नव्हतं. आणि ही पोरगी काळा कोट हातावर टाकून, दोन जिने चढून धापा टाकत आली होती आणि नेमकं तेच मागत होती. "आहे," तो म्हणाला. आपलाच आवाज त्याला मोठा वाटला. "आहे नं. पंचवीस वर्षांचं आहे."

तिचं नाव शर्मिष्ठा देव. वकील होती, शंकर नगरात एका दातांच्या दवाखान्यावर तिचं ऑफिस होतं. "माझी मराठी कच्ची आहे काका," ती खुर्चीत बसत म्हणाली, "आई मराठीत बोलते, मी हिंदीत उत्तर देते. चलेगा?" आणि मग ती हिंदीत सुसाट सुटली. दोन हजार एकोणीसच्या नवतप्यात, मे संपता संपता येणाऱ्या त्या नऊ दिवसांत, रायपूरच्या आसपास उन्हाने माणसं मेली होती. वीटभट्टीवरची, बांधकामावरची, हातगाडीवाली. त्यातल्या अकरा जणांच्या बायकांनी मिळून दावा लावला होता. सरकारवर नाही, मालकावर नाही, कोळशाच्या कंपन्यांवर. सप्तशिखर एनर्जी आणि आणखी दोन. पन्नास पन्नास वर्षं कोळसा काढला, विकला, जाळायला दिला, हवा तापणार हे यांच्याच कागदांत लिहिलेलं होतं, तरी दडवलं, आणि मेला कोण? हे तिने एका दमात सांगितलं. शास्त्रज्ञ आता हिशेबाने सांगू शकतात म्हणे, त्या दुपारच्या उन्हातलं किती ऊन माणसाने बनवलेलं होतं, आणि त्या बनवलेल्या उन्हात कोणत्या कंपनीचा किती हिस्सा. "हिस्सा," नरहरी पुटपुटला. ऊन बनवलेलं असतं, हा विचारच त्याला इतका नवा होता की खिडकीतून आत आलेल्या जानेवारीच्या मवाळ उन्हाकडे तो जरा संशयाने बघायला लागला. "हवेचं तापमान आहे आमच्याकडे," ती म्हणाली, "पण कंपनी म्हणते ते वेधशाळेतलं आहे, माणूस उभा होता तिथलं नाही. तिल्द्याच्या एका रिटायर मुकादमाने सांगितलं, भोयर साहेब रोज रुळाला थर्मामीटर लावून डायरीत लिहायचे. म्हणून आले."

पलंगाखालची पेटी ओढताना गुडघा दुखला नाही, हे त्याला नंतर आठवलं. पंचवीस डायऱ्या, लाल रेक्झिनच्या, खिशात मावतील अशा. रूळ सांभाळणारा इन्स्पेक्टर म्हणून तो चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यात गोंदियाहून इकडे आला, तेव्हा रायपूर राजधानी नव्हतं. धुळीने भरलेलं, भाताच्या गिरण्यांचं, लवकर झोपणारं गाव होतं. मुंबई-हावड्याच्या मोठ्या लाइनवरचा तिल्द्याकडचा तुकडा त्याच्या ताब्यात होता. रूळ तापतो, तापला की लांब होतो, लांब व्हायला जागा नसली की भर दुपारी नागासारखा आडवा वळतो आणि वरून येणारी गाडी उलटते. म्हणून उन्हाळ्यात रोज रुळाचं तापमान घ्यायचं, आणि ते ठरावीक आकड्याच्या वर गेलं की माणसाला पायी गस्तीवर पाठवायचं. ऑफिसचं रजिस्टर वेगळं होतं, ते काही वर्षांनी रद्दीत जायचं. ही डायरी त्याची स्वतःची. का ठेवली? त्याने कधी विचार केला नव्हता. थर्मामीटरचं लोहचुंबक रुळाच्या पोटाला चिकटताना जो बारीक 'टक्' आवाज यायचा तो त्याला आवडायचा. तापलेल्या लोखंडाचा वास आवडायचा. आणि खरं सांगायचं तर कोळशाच्या गाड्या आवडायच्या. कोरब्याकडून भरून आलेली, अठ्ठावन्न डब्यांची मालगाडी समोरून जायला लागली की तळपायातून वर चढत जाणारा तो थरकाप. माझ्या रुळांवरून चालली, माझ्या, असं त्याला दर वेळी वाटायचं. हे त्याने इंदूलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. बायकोला काय सांगायचं असलं, की मालगाडी बघून माझा ऊर भरून येतो?

दोघं जमिनीवरच बसले. तो वाचत होता, ती लॅपटॉपवर उतरवत होती. दिवसाची तीन मापं: अकरा वाजता, एक वाजता, तीन वाजता. पहिल्या पाच वर्षांत मिळून साठ अंशांच्या वर गेलेले दिवस एकोणीस. चौदा ते अठरा या पाच वर्षांत एकशे एक्केचाळीस. शर्मिष्ठाने मान वर केली. "काका, परत मोजा." त्याने परत मोजले, बोट ठेवून. एकशे एक्केचाळीस. हे सगळे आकडे त्याच्याच हाताने लिहिलेले होते. एकेक आकडा लिहिताना त्याला घाम, तहान, डोळ्यांपुढची तिरीप आठवत होती. पण ते एकाखाली एक ठेवले की त्यातून काही बोलू लागेल, हे त्याला माहीत नव्हतं. जणू पंचवीस वर्षं तो एकेक अक्षर गिरवत होता आणि आज कोणीतरी ते सलग वाचून दाखवलं. इंदू चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. "काहून हासून राहिले जी एकटेच?" तिने विचारलं. आपण हसतोय, हे त्याला तेव्हा समजलं.

हसू गेलं ते शर्मिष्ठाच्या फाइलीतलं पहिलं पान बघून. अकरा नावांच्या यादीत सगळ्यात वरचं नाव कलावती निषाद, बिसाहू निषादची बायको, राहणार मांढर. त्याच्या हातातली एकोणीसची डायरी अजून उघडायची होती. "ही मी उद्या देतो," तो म्हणाला. "हिचे थोडे आकडे पुसट झालेत. नीट लावून देतो." शर्मिष्ठा चोवीस डायऱ्या पिशवीत घालून गेली. जाताना वाकून त्याच्या पाया पडली, आणि त्याला पाय मागे ओढून घ्यावेसे वाटले.

पुसट काही झालं नव्हतं. अठ्ठावीस मेचं पान त्याला न उघडताच दिसत होतं. निळी शाई, जरा तिरकं अक्षर: 'एक वाजता ६६. बिसाहू, दुसरी फेरी.' त्याच्या हाताखालचा बिसाहू सकाळच्या गस्तीवरून साडेबाराला परतला होता. आठ किलोमीटर खडीवरून पायी, खांद्यावर पाना, हातोडा, झेंड्या. सावलीला बसला तेव्हा त्याचे डोळे तांबारलेले होते आणि त्याने पाणी पिताना अर्धं अंगावर सांडलं. "मुड़ी पिरावत हे साहेब," तो म्हणाला, डोकं दुखतंय. दुसऱ्या फेरीचा माणूस आला नव्हता, त्याच्या घरी मयत झाली होती. नरहरीसमोर दुसरा रस्ता होता. फोन उचलून सांगायचं, गाड्या माझ्या तुकड्यावरून हळू काढा. नियमात बसत होतं, कोणी काही म्हणालं नसतं. पण मागे तीन कोळशाच्या गाड्या ओळीने उभ्या होत्या, कुठल्यातरी वीजघरात कोळसा संपत आला होता कारण साऱ्या मुलखात पंखे नि कूलर फिरत होते, आणि त्या अख्ख्या उन्हाळ्यात नरहरी भोयरच्या तुकड्यावर एकदाही गाडी हळू करावी लागली नव्हती. सात महिन्यांनी तो निवृत्त होणार होता. एकही नाही, असं त्याला निरोपाच्या भाषणात ऐकायचं होतं. एवढंच. एवढ्यासाठी त्याने बिसाहूकडे बघितलं आणि हात लाइनीच्या दिशेने केला. साडेतीनच्या सुमाराला गेटवाल्याला तो खडीवर पडलेला दिसला. चौकशीत नरहरीने सांगितलं, गस्त वेळेवर होती. ते खरं होतं. फेरी पहिली की दुसरी, हे कोणी विचारलं नाही. पुढे कलावतीला बिसाहूची सगळी येणी वेळेवर मिळाली, तिच्या कागदांसाठी नरहरीने स्वतः धावपळ केली, आणि एकदा मांढरला तिच्या घरी जाऊन अर्धा तास बाजेवर बसून परत आला. ती समोर बसली होती. तो पाणी प्याला आणि परत आला.

"त्यात काय आहे त्या वहीत?" दुपारी इंदूने विचारलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिला त्याच्या गप्प बसण्याचे सगळे प्रकार माहीत होते. त्याने सांगितलं. पहिल्यांदाच, कोणालाही. सांगताना तो तिच्याकडे न बघता समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या वड्यांकडे बघत होता. इंदूने आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "ते पान फाडून टाका." त्याने वही जवळ ओढली. "मी म्हनते फाडून टाका जी. चोवीस वह्या देल्ल्या, पुष्कळ झालं. पंचविसावी हरवली म्हना. त्या पोट्टीले काय मालूम पडते?"

"त्याच वहीत तो दिवस आहे, इंदू. तोच नसला तं बाकीच्याचा काय उपयोग?"

"आन् उद्या पेपरात आलं, भोयरनं मारलं म्हणून? पोरीच्या सासरी काय तोंड दाखवान?"

तो उठून खिडकीशी गेला. खाली ई-रिक्षांची गर्दी होती, एक जण तिळाचे लाडू विकत होता, रोजचंच सगळं, आणि ते सगळं आज भलतं स्वच्छ, कडा कोरल्यासारखं दिसत होतं. त्याला भीती वाटत होती, हे खरं. पण भीतीच्या खाली जे धडधडत होतं ते भीतीसारखं नव्हतं. लहानपणी तुमसरला पहिल्यांदा विहिरीत उडी मारण्याआधी काठावर उभं राहून असंच धडधडलं होतं. मागे फिरता येत होतं आणि फिरायचं नव्हतं. एक माणूस मेला आणि आपल्याला हुशारी येतेय, याची त्याला लाज वाटली. लाज वाटूनही ती ओसरेना. पाच वर्षं तो त्या पानावर झाकण ठेवून बसला होता, झाकण धरून धरून हात भरून आले होते, आणि आता ते सोडता येईल, एवढ्या कल्पनेनेच त्याची बोटं हलकी झाली होती. "जाऊन येतो," तो म्हणाला. इंदूने विचारलं नाही कुठे. फक्त दारापर्यंत आली आणि म्हणाली, "मफलर घ्या. येता येता गार होते."

शंकर नगरात, दवाखान्यावरच्या त्या खोलीत, शर्मिष्ठाने ते पान वाचलं आणि नंतर बराच वेळ पेनचं टोपण उघडत-लावत बसली. शेवटी ती म्हणाली, "काका, हे कंपनीच्या हातात पडलं की ते तुम्हालाच पुढे करतील. म्हणतील, ऊन वगैरे काही नाही, हा माणूस जबाबदार आहे. तुम्ही साक्षीला नाही आलात तरी मी समजू शकते." "तू कोर्टात चोवीसच घेऊन जाशील?" त्याने विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली. "तं मग पंचवीस घे. आणि मले बोलाव." कलावतीला हे सांगू का, असं तिने विचारलं तेव्हा मात्र तो घाबरला. "मी सांगीन," तो म्हणाला. आणि दोन महिने त्याने सांगितलं नाही. मांढरच्या बसस्टँडपर्यंत दोनदा गेला. दोन्ही वेळा बस आली, गेली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात साक्ष लागली. घडी चौकाजवळच्या कोर्टात तो सकाळी साडेनऊलाच पोचला, दाढी करून, लग्नातला कोट घालून. अकरा बायका एका लांबलचक बाकावर सरकून बसल्या होत्या. कोणी निळी लुगडी, कोणी छापील सिंथेटिक, एकीच्या मांडीवर डबा. कलावती टोकाला होती. पाच वर्षांत तिचे केस पांढरे झाले होते. तिने त्याला ओळखलं, मान हलवली, "जोहार साहेब" म्हणाली. तिच्या बाजूला जागा होती. तो दुसऱ्या बाकावर, कंपनीच्या कारकुनांच्या रांगेत जाऊन बसला. कोणत्याही क्षणी नाव पुकारलं जाईल. पहिल्या पगाराच्या दिवशी, मुलीच्या जन्माच्या वेळी दवाखान्याच्या व्हरांड्यात, अशीच कानांत रक्ताची सळसळ ऐकू आली होती; पासष्टाव्या वर्षी ती पुन्हा येईल असं त्याला वाटलं नव्हतं.

सगळं हिंदीत चाललं होतं, पण त्याच्या डोक्यात ते मराठीत उतरत होतं. शर्मिष्ठाने त्याला शांतपणे डायऱ्यांतून नेलं, वर्षामागून वर्ष. आकडे वाचताना त्याचा आवाज लागत गेला. न्यायाधीश बाई होत्या, चष्म्यावरून बघायच्या. एकशे एक्केचाळीस हा आकडा त्यांनी लिहून घेतलेला त्याने पाहिला आणि त्याला उगीचच त्यांना नमस्कार करावासा वाटला. मग कंपनीचे वकील उठले. उंच, गोरे, सौम्य बोलणारे, दिल्लीहून आलेले. त्यांनी आधी डायऱ्या कशा खाजगी आहेत, कोणी तपासलेल्या नाहीत, हे काढून घेतलं. "ह्याच आकड्यांवर गाड्या चालल्या साहेब," नरहरी म्हणाला, "पंचवीस वर्षं. त्यातली एक पडली नाही." मागे कोणीतरी हसलं. वकीलही हसले. मग म्हणाले, "अठ्ठावीस मे दोन हजार एकोणीस. एक वाजताची ओळ वाचा."

त्याने वाचली. "सहासष्ट. बिसाहू, दुसरी फेरी."

"दुसरी फेरी म्हणजे?"

"म्हणजे एक फेरी करून आला होता. त्यालेच परत पाठवलं."

"नियमात असं चालतं?"

"नाही."

"त्याची तब्येत?"

"डोकं दुखते म्हणाला होता."

"गाड्या हळू करता आल्या असत्या?"

"आल्या असत्या."

"मग कोणी पाठवलं त्याला?"

कलावतीकडे बघायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. त्याने बघितलं. ती पुढे झुकून ऐकत होती. पदराचं टोक तिच्या मुठीत होतं. "मी," तो म्हणाला. "मी पाठवलं. माझ्या तुकड्यावर गाडी हळू झाली नाही असं मले मिरवायचं होतं, म्हणून पाठवलं." एवढं विचारलंही नव्हतं. वकिलांनी हात पसरले, अगदी हळुवारपणे, जणू त्यांनाही वाईट वाटत होतं. "मग माझे अशील कशाला इथे उभे आहेत? बिसाहू निषादला कोळशाने मारलं नाही. तुम्ही मारलं." शर्मिष्ठा उभी राहून हरकत घेत होती, तिचा आवाज चढला होता, पण नरहरीला तो लांबून येत होता, कारण त्याच क्षणी त्याच्या डोळ्यांपुढे एक वेगळंच पान उघडलं होतं. जाड, जुनं, कडा पिवळ्या पडलेलं. त्याने ते आणायचं ठरवलं नव्हतं, ते आपलं आपण आलं. तोच महिना, तेच गेट, दुसरा माणूस. दुकालू यादव. मिशीवाला, बुटका, बिडी कानाला लावणारा. "बाई," तो म्हणाला, कोर्टाला असं म्हणत नाहीत हे विसरून, "मले सत्त्याण्णवची वही पाह्यची आहे."

वकील काही म्हणाले. न्यायाधीश बाईंनी हाताने त्यांना थांबवलं आणि डायरी द्यायला सांगितली. त्याने पानं भराभर उलटली. एकोणतीस मे. होतं. होतं! "एक वाजता छप्पन्न. दुकालू, दुसरी फेरी." त्याने ते मोठ्याने वाचलं आणि डायरी बाईंकडे दिली.

"हेच मी तेव्हाही केलं होतं," तो म्हणाला. आता तो अर्धा हिंदीत, अर्धा आपल्या बोलीत बोलत होता, आणि सगळ्यांना समजत होतं. "तोच गुन्हा. तेवढंच अंतर, तीच वेळ, माणूसही डोकं दुखते म्हणत होता. तो संध्याकाळी परत आला, मले शिव्या देल्ल्या, माझ्याच पैशानं चहा प्याला आन् घरी गेला. अजून आहे तो, तिल्द्यात नातू खेळवते. मी दोन्ही वेळेस सारखाच वाईट वागलो, साहेब. पण तेव्हा माणूस वाचत होता. ह्या खेपेला वाचायले जागाच राह्यली नव्हती. छप्पन्नाचे सहासष्ट मी नाही केले. त्यातले तुमचे किती, ते शास्त्रज्ञ लोक सांगतील, मले नाही सांगता येत. माझा हिस्सा मी सांगितला, लिहून घ्या, सही करतो. तुमचा तुम्ही सांगा."

वकिलांनी पाण्याचा घोट घेतला. आणखी दोन-चार प्रश्न झाले, एका दिवसाची दुसऱ्या एका दिवसाशी तुलना कशी चालत नाही वगैरे, ते बरोबरही असेल. कंपनीने आधीच अर्ज दिला होता, की निषादचं नाव दाव्यातून काढावं आणि डायऱ्या पुराव्यात घेऊ नयेत. जेवणाच्या सुट्टीनंतर बाईंनी तो अर्ज फेटाळला. डायऱ्या पुराव्यात राहतील, सगळ्या पंचवीस. साक्षीदाराची चूक असेल तर ती त्याची, तेवढ्याने कंपन्यांना उत्तर चुकवता येणार नाही. आणि सप्तशिखरच्या जबाबदार अधिकाऱ्याने पुढच्या महिन्याच्या अठरा तारखेला जातीने हजर राहून, शपथेवर सांगावं की कंपनीला काय माहीत होतं आणि केव्हापासून. शर्मिष्ठाने फाइल तोंडाशी धरली होती. ती रडते आहे की हसते आहे ते कळत नव्हतं. बायकांना आधी काही समजलं नाही, मग एकीने दुसरीला सांगितलं, दुसरीने तिसरीला, आणि बाकावरून एक गलका उठला तो शिपायाने दटावूनही बाहेर व्हरांड्यापर्यंत चालूच राहिला.

व्हरांड्यात कलावती त्याच्या समोर येऊन उभी राहिली. बाकीच्या मागे थांबल्या. तो सांगणार होता, की मी यायचं ठरवलं होतं, बसस्टँडपर्यंत आलो होतो. तोंड उघडलं आणि त्यातलं काहीच सांगण्यासारखं उरलं नाही. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती, त्याच्या कोटाच्या गुंडीकडे बघत होती. "दूसर घांव पठोएव त," ती हळू म्हणाली, "ओ का कहिस?" दुसऱ्यांदा पाठवलंत तेव्हा तो काय म्हणाला, एवढंच तिला हवं होतं. पाच वर्षं कोणी तिला त्याचा शेवटचा शब्द दिला नव्हता. देऊ शकणारा माणूस एकच होता आणि तो तिच्या बाजेवर बसून पाणी पिऊन गेला होता.

"हव म्हणाला," नरहरी म्हणाला. "'हव साहेब.' आणि पाना उचलला."

ती मान हलवत राहिली. "हव," ती स्वतःशीच म्हणाली, अगदी त्याच्या आवाजात म्हणावं तसं, आणि तिच्या तोंडाचा एक कोपरा थोडासा हलला. मग तिने पदराने डोळे पुसले, घट्ट दाबून, दोन्ही डोळे, एकेक करून. माफ केलं, असं ती म्हणाली नाही. त्यानेही मागितलं नाही. ती वळून चार पावलं गेली, थांबली, आणि त्याच्याकडे अर्धवट वळून जरा चढ्याच आवाजात म्हणाली, "अठारा तारीख के आहू साहेब. अउ ओती झन बइठहू, ओमन के कोती. हमर बेंच म जघा हे." अठरा तारखेला या, आणि त्यांच्या बाजूला बसू नका. आमच्या बाकावर जागा आहे.

तो चालतच निघाला. मार्चचं ऊन होतं, डांबर मऊ पडायला लागलं होतं, कोट त्याने हातावर घेतला. घडी चौक, मालवीय रोड, मधली गर्दी. कोणी धक्का दिला, कोणाला त्याने दिला. अठरा तारखेपर्यंत किती दिवस, हे तो मोजत होता आणि सारखं चुकत होता. मुंबईहून कोणीतरी मोठा साहेब येईल, त्या पिंजऱ्यात उभा राहील, हात पुढे करून शपथ घेईल, आणि समोरच्या बाकावर अकरा बायका आणि एक म्हातारा त्याच्या तोंडाकडे बघत बसलेले असतील. काय म्हणेल? काही म्हणेल, कदाचित काहीच म्हणणार नाही, वर अपील करतील, वर्षं जातील, आपण तोवर असू की नसू. तरीही पावलं थांबत नव्हती. जिना तो न थांबता चढला. इंदू दार उघडून उभीच होती, हाताला पीठ लागलेलं, चेहरा उतरलेला.

"काय झालं जी? काय म्हणाले?"

त्याला धाप लागली होती. बोलता येईना, म्हणून तो आधी हसला.

"बोलावलं," तो म्हणाला.

"कोनं? कोर्टानं?"

"कलावतीनं."